थोडा आवाज राहू दे

१

संत्र्याचा सौदा करणाऱ्या माणसाला समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसायला सांगा आणि गंमत पाहा. टेलिफोन खात्याने ही गंमत चार-पाच हंगाम पाहिली. संत्री निघायची सौंसरच्या बागांतून आणि वॅगनीत भरली जायची पांढुर्ण्याच्या स्टेशनावर. या दोन गावांमधल्या टेलिफोनच्या तारा मात्र कधी वादळाने, कधी चोरांच्या कृपेने तुटलेल्याच असायच्या. म्हणून पांढुर्ण्याबाहेरच्या टेकडीवर एक खोली बांधली गेली, तिच्या डोक्यावर लोखंडी खांब उभा राहिला आणि आत रेडिओ-टेलिफोन आला. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. व्यापारी बटण दाबून धरायचे ते सोडायचेच नाहीत. पलीकडून दलाल कोणत्या शिव्या देतोय ते त्यांना कळायचं नाही. व्यवहार मोडले, पण मैत्र्या टिकल्या.

या खोलीचा मेकॅनिक होता मनोहर गजभिये. अबोल माणूस. दिवसभर हेडफोन घालून दुसऱ्यांची बोलणी जुळवायची आणि घरी गेलं की कान चोळत गप्प बसायचं, असा त्याचा संसार. बायको कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सौंसरला गेली होती. मुलगी झाली. बारशाला मनोहर एक दिवस जाऊन आला, पिवळ्या टोपीतलं ते इवलं तोंड पाहिलं आणि आल्या पावली परतला. कारण नवं यंत्र येऊन पडलं होतं आणि ते पास झाल्याशिवाय खोली सोडायची नाही, असा हुकूम होता.

आणि त्यांच्याकडे पहिलटकरीण काही कोणाही सोबत सासरी परतत नाही. नवऱ्याने स्वतः दारात यायचं, चहा घ्यायचा, लेकरू आपल्या हाताने उचलायचं, तेव्हाच ती उंबरा ओलांडते. कुसुमची पेटी केव्हाची भरून ठेवलेली होती. यंत्र पास होण्यावर सगळं अडलं होतं.

नव्या यंत्राची मोठी बढाई होती. दोघांना एकाच वेळी बोलता येणार, बटणाची भानगड संपली. कुसुमला ते समजावताना मनोहरने वाटेतल्या नाल्याच्या पुलाचा दाखला दिला होता. तो पूल इतका अरुंद की समोरून बस आली तर आपल्या बसने थांबायचं. जुनं यंत्र तसं. नवं यंत्र म्हणजे त्याच पुलावरून दोन्ही बसगाड्या एकदम गेल्या, तरी कोणी कोणाला घासलं नाही. कुसुम म्हणाली होती की मी अशा बसमध्ये काही बसायची नाही बाप्पा.

२

अडचण एकच होती, आणि ती सांगायला सोपी होती. एकाच खांबावर दोन एरियल, एक बोलणारं, एक ऐकणारं. सौंसरहून येणारा आवाज इतक्या दुरून येऊन अगदी मलूल झालेला. आपला स्वतःचा आवाज मात्र हाताच्या अंतरावरून ऐकणाऱ्या डब्यात घुसायचा. कानाशी कोणी बोंबलत असताना दूरच्या खोलीतलं पुटपुटणं ऐकायचं, असलं ते काम.

यावर युक्ती होती. आपण पाठवतोय त्यातला एक थेंब चोरून घ्यायचा, तो उलटा करायचा आणि ऐकणाऱ्या डब्यात सोडायचा. सुलटा आणि उलटा एकमेकांना भेटले की दोघंही संपतात, मागे फक्त सौंसर उरतं. त्यासाठी दोन स्क्रू होते. एकाने उलट्या आवाजाचं माप धरायचं, दुसऱ्याने त्याची वेळ. मनोहर दिवसचे दिवस माईकमध्ये "एक, दोन, तीन" म्हणत ते स्क्रू केसाएवढे फिरवत बसला.

जबलपूरहून खात्याचे इंजिनियर देशकर साहेब आले, त्यांनी सौंसरचं यंत्र स्वतः लावलं आणि जाताना बजावलं, "मनोहर, आपला आवाज पूर्ण मारू नकोस. थोडा राहू दे. माणसाला आपलं बोलणं आपल्याला ऐकू यावं लागतं."

मनोहरने मान डोलावली. पण मनात म्हणाला की पूर्ण जमत नसेल म्हणून असं म्हणतात. साहेबाला जमलं नाही ते आपण करून दाखवावं, ही हौस फार वाईट, आणि अबोल माणसाला ती जास्तच असते.

एका दुपारी ते जमलं. तो "एक, दोन" म्हणाला आणि "तीन" त्याच्या कानातून गेला. हळूहळू विरत नव्हे, एकदम. त्याने पुन्हा आकडे म्हटले, मग नाव घेतलं, मग ओरडला. कानात काहीच नाही. इतकं काहीच नाही की तो दचकला. कानावर कितीही जाड गाद्या असल्या तरी आपलं बोलणं जबड्याच्या हाडांतून ऐकू येतंच. तेही आलं नव्हतं. त्याने हेडफोन काढून खाकरून पाहिलं, तर आवाज जागेवर होता. कान दमले असतील, असं म्हणून त्याने दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर लाख वितळवून सोडली, म्हणजे ते हलू नयेत.

त्या संध्याकाळी सौंसरचा चौकीदार-ऑपरेटर मोतीराम याने कुसुमला बोलावून घेतलं. यंत्राची चाचणी घ्यायला बोलणारं माणूस लागतंच, आणि मोतीराम नात्याने तिचा दूरचा भाऊ लागत होता. मनोहरने हेडफोन घातले आणि त्याला लेकराचा श्वाससुद्धा ऐकू आला. इतक्या लांबून आपल्या मुलीचा श्वास. त्याचे डोळे भरून आले, पण बोलताना तो एवढंच म्हणाला की बरी आहे ना.

३

रोज दुपारी लाइन मोकळी असली की कुसुम यायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती मध्येच हसली आणि म्हणाली, "हाव जी, तीच घालते तिले. पिवळीच."

मनोहर त्या वेळी पाणी पीत होता. त्याने काही विचारलंच नव्हतं. तिला आईने काही म्हटलं असेल, असं त्याने धरलं. पण ती आईला बरोबर आणत नसे.

दुसऱ्या दिवशी तिचं बोलणंच वेगळं होतं. आवाजात एक लाज होती, लग्नाच्या पहिल्या वर्षात होती तशी. ती म्हणाली, "काल तुम्ही बोलले ना, रातभर झोप नाही लागली मले. इतके दिवस काऊन नाही बोलले असं?"

काय बोललो, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायको इतकी आनंदात असताना असं विचारायचा धीर कोणाला होतो. त्याने नुसतं "हं" केलं. मनात मात्र भीती कुठेतरी बसली ती बसलीच.

बुधवारी तो बाजारात गेला होता. खोलीला कुलूप, किल्ली खिशात. परत येऊन सौंसरला हाक दिली तर मोतीराम कौतुकाने म्हणाला की आज तर भाऊ, दुपारभर गोष्टी चालल्या तुमच्या, पोरगी रडली तर अंगाई म्हटली तुम्ही, मले नव्हतं माहीत तुमाले गाता येते.

मनोहरला गाता येत नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कोणत्या केंद्राचा आवाज मिसळत असेल. पोलिसांचं वायरलेस असेल. हवामान थंड असलं की दुरून कुठले कुठले आवाज येतात, हे त्याने स्वतः ऐकलेलं होतं. ही सगळी कारणं चांगली होती. पण दूरच्या कोणत्या केंद्रातला कोणता माणूस त्याच्या मुलीला अंगाई म्हणेल, याचं उत्तर त्यांत नव्हतं.

आणि एक सुई होती. यंत्राच्या कपाळावर एक लहान मीटर होतं. खोलीतून आवाज बाहेर जायला लागला की त्याची सुई थरथरायची, गप्प बसलं की पडून राहायची. मनोहर माईकसमोर तोंड घट्ट मिटून बसला. खिडकीबाहेर टेकडीवर थंडीतली दुपार नुसती पडून होती. सुई हळूच उठली, थरथरली, थांबली. थोडं थांबून पुन्हा थरथरली. कोणीतरी बोलत होतं, उत्तर ऐकत होतं आणि पुन्हा बोलत होतं.

त्याने माईकची वायर उपटून काढली. सुई थरथरत राहिली.

४

तो फार वेळ त्या सुईकडे पाहत बसला. मग त्याच्या डोक्यात आलं. आपण मारला तो आवाज फक्त आपल्या कानातला. सौंसरला तो जातोच. या खोलीतून सौंसरला काय बोललं जातं ते सगळ्या जगाला ऐकू येईल, एक या खोलीतल्या मेकॅनिकला सोडून. ही व्यवस्था त्याने स्वतः केली होती आणि वर लाख लावली होती.

त्याने हेडफोन चढवले. कानात फक्त कुसुम होती.

"हाव," ती म्हणत होती. "पेटी भरूनच हाय. मायले सांगतलं मी. आजच येता म्हणता ना? मग आलीच मी तयार होऊन."

मनोहरने पेचकस उचलला. लाखेवर त्याचं टोक मारलं, तुकडे टेबलावर उडाले. त्याने वेळेचा स्क्रू केसाएवढा उलटा फिरवला. साहेब म्हणाले होते तेवढाच, थोडा.

आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

तो हळू, मऊ बोलत होता. घाई नव्हती. इतकी वर्षं संसार करून त्याच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं, ते सगळं तो कुसुमला सांगत होता. ती स्वयंपाक करताना मान वळवून पाहते ते आवडतं. ती गेल्यापासून चहा गोड लागत नाही. मनोहरला हे सगळं ओळखीचं होतं, त्याच्याच मनात ते कधी ना कधी येऊन गेलं होतं. तोंड मिटून, दात आवळून तो आपलं मन आपल्याच आवाजात ऐकत होता.

मग तो आवाज म्हणाला, "मी आलोच. दारातच आहो मी."

मनोहरने वायर पुन्हा खुपसली आणि माईकमध्ये ओरडला की कुसुम, तो मी नाही, कोणासोबत जाऊ नको. पलीकडे ती घुटमळली.

"तुमचा आवाज डबल येऊन राहिला आज," ती म्हणाली. "येतो म्हणता, अन् नको म्हणता. नीट सांगा ना."

तेवढ्यात तिच्यामागे कडी वाजली. दार उघडल्याचं ऐकू आलं. मोतीराम खुर्ची सरकवत म्हणाला, "या भाऊ, जय भीम. आत्ता तर लाइनवर होते."

कुसुमने "अगंबाई" म्हटलं आणि ती हसली. मग तिने फोन खाली ठेवला.

५

मनोहर कुलूप लावून टेकडी उतरला कसा, स्टँडवर पोचला कसा, हे त्याला आठवत नव्हतं. सौंसरची बस निघतच होती. तो चढला, पुढच्या दाराजवळ उभा राहिला, आणि मग डोक्यातला शहाणा माणूस बोलू लागला. ताप आहे तुला. दिवस दिवस हेडफोन घालून कोणाचंही डोकं फिरेल. मोतीरामकडे दुसरा कोणी भाऊ आला असेल. जाऊन पाहा, कुसुम घरात तांदूळ निवडत बसली असेल, आणि तू वेड्यासारखा उभा राहशील. मनोहरला त्या क्षणी असं वेडं ठरायची फार इच्छा होती.

नाल्याच्या पुलाशी बस थांबली. समोरून बस येत होती, तिची पाळी आधी होती. ती हळूहळू पूल ओलांडून आली आणि अगदी शेजारून जाऊ लागली. मनोहर खिडक्या पाहत होता. पगडी, पोतं, झोपलेली बाई. मग कुसुम.

तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि ती कोणाचं तरी बोलणं ऐकत होती. शेजारच्या माणसाच्या छातीशी पिवळी टोपी होती. माणसाचं तोंड पलीकडे वळलेलं, त्यामुळे दिसला तो फक्त हात. तपकिरी स्वेटरची बाही, कोपराशी हिरव्या लोकरीने रफू केलेली. मनोहरने आपल्या कोपराकडे पाहिलं. तेच रफू, कुसुमने केलेलं. कारण तपकिरी लोकर संपली होती आणि त्यावर ती दोघं हसली होती. त्या माणसाने दुसरा हात वर नेला आणि दिवसभर हेडफोन घालणारा माणूस चोळतो तसा कान चोळला.

मनोहर बसच्या दारातून ओरडला, "कुसुम!"

तिने वळून पाहिलं. अगदी त्याच्याकडे पाहिलं, कुठून हाक आली ते शोधत. नजर त्याच्यावरून गेली, थांबली नाही. मग तो माणूस काही बोलला असेल, कारण ती हसून पुन्हा आत वळली.

मनोहर उडी मारून धावला. ती बस पांढुर्ण्याच्या दिशेने धुरळ्यात गेली. तो छाती फुटेस्तोवर धावला आणि रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला. त्याच्या बसच्या कंडक्टरने हाका मारून, चार शब्द सुनावून त्याला परत आत घेतलं. पांढुर्ण्याकडे जाणारी पुढची गाडी केव्हा, ते कंडक्टरलाही सांगता येईना. सौंसरला यंत्र तरी होतं.

६

मोतीराम केंद्राच्या दारात विडी ओढत बसला होता. मनोहरला पाहून तो उठला, आणि आधी हसला, मग हसता हसता थांबला.

"भाऊ, तुम्ही तर आत्ताच कुसुमला घेऊन गेलते ना. काही राहिलं काय?"

मोतीरामने त्याला धरून आत नेलं, पाणी दिलं आणि त्याच्या विचारण्यावर भीत भीत सगळं सांगितलं. तुम्ही आले, या खुर्चीत बसले, चहा घेतला. लाइनवर आणि दारात एकदमच कसे, म्हणून मी विचारलं तर म्हणाले की यंत्रात आवाज मागून येतो. पोरीला तुम्ही उचललं तर ती रडली पण नाही. मग घरी जाऊन सासूच्या पाया पडले आणि स्टँडवर गेले. निघताना इथल्या यंत्राचे स्क्रू तेवढे नीट करून दिले.

मनोहरने यंत्राकडे पाहिलं. देशकर साहेबांनी उघडे सोडलेल्या दोन्ही स्क्रूंवर आता लाख होती. त्याने बोट लावलं, तर ती अजून पुरती कडक झाली नव्हती.

तो सासुरवाडीला धावत गेला. घरात पेटीच्या जागी फरशीवर चौकोन उरला होता. सासूने त्याला पाहिलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तो तसाच केंद्रावर परतला आणि यंत्रापुढे बसून राहिला. पांढुर्ण्याच्या खोलीची किल्ली त्याच्या मुठीत होती, हाताला तिचे वळ उठले होते.

उन्हं उतरत असताना घंटा वाजली. पांढुर्ण्याहून.

मनोहरने फोन उचलून कानाला लावला. पलीकडे त्याच्या खोलीतल्या यंत्राच्या पंख्याचं खरखरणं होतं, आणि लेकरू काहीतरी कुरकुरत होतं.

"मोतीरामभाऊ," कुसुम म्हणाली, "पोचलो जी आम्ही. सुखरूप. मायले तेवढं सांगा."

"कुसुम," मनोहर म्हणाला, "मी बोलून राहिलो. मी सौंसरात आहो. पोरीला घे अन् बाहेर ये."

बोलताना त्याला स्वतःचं काही ऐकू आलं नाही. लाख लावलेली होती, त्यामुळे ते बरोबरच होतं. पण जबड्यातही काही वाजलं नाही. तरी शब्द पोचले असावेत.

"कोण हाय जी?" ती म्हणाली. मग तोंड फिरवून कोणाला तरी म्हणाली, "अहो, पाहा ना. अगदी तुमच्यासारखा आवाज हाय. मले भेव वाटून राहिलं."

फोन हातातून हातात गेला. लेकराचं कुरकुरणं जवळ आलं, म्हणजे ते त्याच्या काखेत होतं. श्वास ऐकू आला. टेबलावरून पेचकस उचलल्याचं ऐकू आलं. तो टेबलाच्या उजव्या हाताला, तुटलेल्या लाखेच्या तुकड्यांत पडला होता. मनोहरनेच तो तिथे टाकला होता.

"थोडा राहून गेला," मनोहरचा आवाज पलीकडून शांतपणे म्हणाला. "बोलत राहा. मी स्क्रू फिरवून राहिलो."

मनोहर बोलत राहिला. त्याने कुसुमचं नाव घेतलं, मुलीचं घेतलं, स्वतःचं घेतलं. ती स्वयंपाक करताना मान वळवून पाहते ते आपल्याला आवडतं, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. चहाचं सांगितलं. तो ओरडला, घसा सोलवटेपर्यंत ओरडला. कानात कुसुमचा आवाज स्वच्छ येत होता. "हाव, आता गेला," ती हसून म्हणत होती, "आता कोणीच नाही."

मोतीराम समोरच्या स्टुलावर बसून त्याच्याकडे पाहत होता. त्याची विडी बोटांतच विझली होती.

"मनोहरभाऊ," त्याने विचारलं, "नुसतं तोंड काऊन हलवून राहिले? बोला ना काहीतरी."